पाळणाघराचा उन्हाळा

दिल्लीकडच्या उन्हाळ्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. पुण्याची माणसं फोनवर विचारतात, "कशी राहतेस गं त्या भट्टीत?" आणि मी "होते सवय" म्हणून विषय बदलते. खरी गोष्ट अशी की मला हा ऋतू आवडतो. मे लागला की फरीदाबादच्या आमच्या सेक्टरात सायकलवर गवताचे भारे लादून कूलरवाला येतो. जाळीतलं जुनं, काळं पडलेलं गवत ओढून काढतो, नवं पिवळंधमक भरतो, आणि पहिल्यांदा पाणी सोडलं की सगळं घर ओल्या लाकडाच्या वासानं भरून जातं. रस्त्याच्या कडेला अमलतास लोंबायला लागतो. आपला बहावाच तो, पण माझ्या नऊ वर्षांच्या सईला बहावा हा शब्द येत नाही. ती म्हणते, "आई, अमलतास आला, आता छुट्टी." दुपारी लू सुटते, खिडकीची काच हाताला चटका देते, आणि गल्लीतून फालसेवाल्याची झोपाळू हाक जाते. तिखटमिठात घोळवलेली ती जांभळी, आंबटगोड फळं जिभेवर ठेवली की मला एकच उन्हाळा आठवतो, आठ वर्षांपूर्वीचा. त्या उन्हाळ्यात मी नोकरीत पहिल्यांदा ठाम उभी राहिले. खरं तर उभी नाही, बसले. पण ते पुढे येईल.

आमची कंपनी मोठी आहे. मोटारीच्या आत वायरींचं जे जाळं पसरलेलं असतं, ते आम्ही बनवतो. लांबलचक शेडमध्ये फळ्यांच्या रांगा असतात आणि प्रत्येक फळीसमोर एक बाई उभी असते. ती वायरी खुंट्यांवरून ओढत नेते, जुळवते, वरून काळी टेप गुंडाळते आणि झालेलं काम पुढच्या फळीकडे सरकवते. या कामाला चपळ बोटं लागतात म्हणून बायका घेतो, असं वरचे लोक सांगत. बायका मान वर करून बोलत नाहीत हे खरं कारण असावं, असा माझा समज होता. निदान ते तसं धरून चालले होते एवढं नक्की.

मी चाकणहून आलेली. निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गुडगावात नोकरी लागली म्हणून आम्ही इकडे आलो आणि मला या कारखान्यात क्वालिटी विभागात जागा मिळाली. पहिल्या दिवशी एक गुळगुळीत पुस्तिका हातात आली. 'आपले कुटुंब, आपले लाभ' अशा अर्थाचं इंग्रजी नाव. अकराव्या पानावर पाळणाघर होतं. सोनेरी केसांचं, निळ्या डोळ्यांचं एक मूल ठोकळे रचत होतं. फरीदाबादच्या कारखान्यात हे मूल कुठून आलं, असं मला त्या वेळी वाटलंसुद्धा नाही. सई झाल्यावर, रजा संपवून परत आले, तेव्हा विचारलं. कर्मचारी कल्याण विभागातल्या मुलीनं थंडपणे सांगितलं, "मॅडम, ते पॉलिसीत आहे." म्हणजे काय, असं मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "पॉलिसीत आहे, पण रूममध्ये सध्या फाइली आहेत."

मी सईला सेक्टरातल्या एका खासगी पाळणाघरात ठेवलं आणि विषय सोडला. माझी सोय झाली होती.

तिथली सगळी हवाच अशी होती की विषय सोडावा. गेटमधून आत शिरलं की एक फलक होता, त्याच्यावर तीन चेहरे: हसरा, मख्ख आणि रडका. आज कसं वाटतंय त्याप्रमाणे बटण दाबायचं. एकदा कुणीतरी रडका चेहरा दाबला, तर सुपरवायझर दिवसभर फळ्यांपाशी फिरून "किसने दबाया?" विचारत होता. त्यानंतर आम्ही सगळे रोज आनंदी होतो. महिला दिनाला प्रत्येकीला एक गुलाब आणि एक कपकेक मिळायचा. दर सभेत भाटिया साहेब म्हणायचे, "हम सब एक परिवार हैं." भाटिया साहेब म्हणजे आमचे मनुष्यबळ प्रमुख. आवाज मऊ, शर्ट नेहमी आकाशी. कधी कुणावर ओरडताना मी त्यांना पाहिलं नाही. त्यांना ओरडावं लागतच नसे. ते नुसतं म्हणत, "आप तो समझदार हैं," आणि माणूस समजूतदार होऊन परत जायचा.

कमलेशची ओळख याच दिवसांतली. माझ्या माहितीतले सगळे कमलेश पुरुष होते, त्यामुळे यादीत नाव वाचून मी पुरुष शोधत होते आणि फळीमागून ओढणी कमरेला घट्ट बांधलेली एक उंच बाई पुढे आली. "मैं ही हूँ जी." पलवलकडच्या गावातली. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. मुजेसरच्या गल्लीत एका खोलीत ती दोन मुलींना घेऊन राहायची. तिच्या फळीवरचा माल मी तपासायचे आणि त्यात चूक सापडली की मलाच माझ्या डोळ्यांची शंका यायची, इतकं तिचं काम नेटकं होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सहज विचारलं, मुली कुठे असतात दिवसभर. म्हणाली, धाकटी गुड्डी दोन वर्षांची आहे, तिला मोठी सांभाळते. मोठी केवढी आहे? "अंजू? नौ की." आणि शाळा? कमलेशनं पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, खाल्ला. मग म्हणाली, "दूसरी तक गई थी. फिर गुड्डी हो गई."

माझी सई तेव्हा दीड वर्षाची. त्या दिवशी सुट्टीनंतर मी कामाला लागले, पण ती नऊ वर्षांची मुलगी बंद खोलीत बसलेली मला दिसत राहिली.

मेच्या अखेरीस भाटिया साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत एसी इतका गार होता की मी दंड चोळत बसले. आमच्याकडून माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची माणसं येणार होती. माल तर ते पाहणारच, शिवाय कामगारांच्या सोयी पाहणार होते. फाइलींची खोली रिकामी करून रंगवायला घेतली होती. साहेब म्हणाले, "वृषाली जी, आप खुद माँ हैं. औरतें आपकी बात मानेंगी." त्या दिवशी सकाळी सात-आठ जणींनी मुलं आणावीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी विचारलं, "सर, नंतर चालू राहील ना?"

"क्यों नहीं? एक बार शुरू तो होने दीजिए."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्याहून खरं म्हणजे मला ठेवायचा होता. फळ्यांपाशी जाऊन मी एकेकीला सांगितलं. काही जणी हसल्या, काही जणींनी मुकाट कामात लक्ष घातलं. कमलेशनं विचारलं, "रोज़ रहेगा?" मी म्हणाले, "हाँ, रोज़." तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान हलवली.

तो दिवस मला वासासकट आठवतो. ताज्या रंगाचा वास, नव्या कूलरच्या गवताचा वास, आणि मुलांच्या अंगाला लावलेल्या पावडरचा. बायकांनी मुलांना लग्नाला न्यावं तसं सजवून आणलं होतं. भिंतीवर हातात गाजर धरलेला एक भलामोठा ससा रंगवला होता. घसरगुंडी होती, तीनचाकी होत्या, एक लाल प्लास्टिकचा घोडा होता. गुड्डी त्या घोड्यावर बसली ती उतरेचना. मीही सईला आणलं होतं; ती गुड्डीच्या मागे उभी राहून आपली पाळी येण्याची वाट पाहत होती.

पाहुण्यांमध्ये पांढऱ्या केसांची एक बाई होती. ती सईसमोर गुडघ्यांवर बसली, तिच्या बुटांची नाडी बांधली. मग उभी राहून तिनं विचारलं, ही खोली रोज चालते का? साहेबांनी लगेच सांगितलं, रोज, आठ ते पाच. तिनं ऐकून घेतलं आणि मग मुद्दाम माझ्याकडे वळून तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी "हो" म्हणाले. तिच्या कागदावर पालक म्हणून सहीसुद्धा केली. तिनं मला तिचं कार्ड दिलं. काही सांगावंसं वाटलं तर कळवा, म्हणाली.

पाहुणे एक वाजता गेले. सव्वा वाजता मागच्या दारी टेम्पो लागला.

खेळणी भाड्याची होती. करोल बागेतल्या एका दुकानातून आणलेली, वाढदिवसाच्या पार्ट्यांना देतात ती. टेम्पोवाल्यानं घसरगुंडी सुटी केली, सायकली उचलल्या आणि मग तो घोड्यापाशी आला. गुड्डीनं घोड्याचे कान धरून ठेवले होते. तो बिचारा वाईट माणूस नव्हता. "दे दे बेटा, दे दे," म्हणत त्यानं तिचं एकेक बोट सोडवलं. ती रडली तशी बाकीचीही रडायला लागली. खोलीत सात मुलं एका सुरात रडत होती आणि कल्याण विभागातली ती मुलगी हातात कुलूप घेऊन दारात उभी होती.

तेवढ्यात कमलेश बाहेर गेली आणि परत आली, तेव्हा तिच्याबरोबर अंजू होती. ओठ सुकलेले, तोंड लालबुंद. गुड्डी नव्या जागी राहणार नाही म्हणून कमलेशनं अंजूलाही आणलं होतं. पण साहेबांचा निरोप होता की एवढी मोठी मुलगी आत नको, बाहेरच्या लोकांचा भलताच समज होईल, तिला कामाला ठेवलंय असं वाटेल. म्हणून सकाळी नवापासून ती सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसली होती. मेच्या उन्हात, पत्र्याखाली, चार तास. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

अंजूनं आईला हळूच विचारलं, "अब देख लूँ कमरा?"

अंजू दारातून आत डोकावली. आत रिकामी फरशी, आणि तीही पायांच्या धुळीनं मळलेली. ती जरा वेळ पाहत राहिली. मग धाकटीची समजूत काढायला म्हणाली, "रो मत गुड्डी. खरगोश तो है."

कमलेशनं गुड्डीला कडेवर घेतलं आणि जाताना एकदा माझ्याकडे पाहिलं. तिनं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होते. दोऱ्या गरम, चिमटे गरम, कपडे तर इस्त्री केल्यासारखे. निखिल ऑफिसमधून लवकर आला होता. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "उद्या मी सईला घेऊन जाणार आहे. कंपनीच्या पाळणाघरात."

"पण ते बंद झालं ना?"

"म्हणूनच."

"यार, तू मॅनेजमेंटमध्ये आहेस. आपल्याकडे सईची सोय आहे. तू यात कशाला पडतेस?"

"सोय आहे म्हणूनच पडतेय. माझी नोकरी गेली तर मला दुसरी मिळेल. कमलेशचं तसं नाही, ती ठेकेदाराकडून आलेली. आणि तिला 'रोज़' असं मी सांगितलंय, साहेबांनी नाही."

तो कपड्यांच्या घड्या घालायला लागला. तीन-चार झाल्यावर म्हणाला, "मग तिला टोपी घाल. आणि पाण्याची मोठी बाटली ने, ती छोटी नको."

मी कमलेशला फोन केला. उद्या मी माझ्या मुलीला आणतेय, एवढंच सांगितलं. तिनं विचारलं, "किसने बोला?" मी म्हणाले, कुणीच नाही. पलीकडे गुड्डी काहीतरी मागत होती. मग फोन ठेवला गेला.

सकाळी आठला दहा मिनिटं असताना मी गेटवर पोचले. सई कडेवर, टोपी डोळ्यांवर. गेटच्या डाव्या हाताला कडुनिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली कमलेश उभी होती. एका हाताला अंजू, दुसऱ्या हाताला गुड्डी. आणि तिच्यामागे कालच्या इतर बायका, मुलांसकट. मी नजर टाळत होते. ती म्हणाली, "कल आपके कहने से लाई थी, मैडम. आज अपने कहने से लाई हूँ."

त्या वाक्यानं माझ्यावरचं ओझंही उतरलं आणि माझा मोठेपणाही. दोन्ही उतरायलाच हवी होती.

गेटवर रामअवतार नावाचा पहारेकरी असे. इटाव्याकडचा, मिशाळ, मनानं सरळ. तो गोंधळला. "मैडम, बच्चों का पास नहीं है."

"काल कुठे होता पास?"

"कल तो साहब का हुकुम था."

"मग साहेबांना विचारा."

तो फोन करायला गेला आणि आम्ही गेटच्या पायऱ्यांवर बसलो. आठचा भोंगा झाला. बसेसमधून उतरलेली माणसं आमच्या बाजूनं आत जात होती. काही पाहून न पाहिल्यासारखं करत होती, काही मुलांच्या गालाला हात लावून जात होती. कडुनिंबाची बारीक पांढरी फुलं टपटप पडत होती आणि सई ती वेचून गुड्डीच्या ओंजळीत टाकत होती. आत सहा फळ्या रिकाम्या होत्या. एका फळीचं काम पुढच्या फळीवर जातं, त्यामुळे सहा रिकाम्या राहिल्या की रांगच्या रांग थांबते. हे भाटिया साहेबांना माहीत होतं. आम्हालाही होतं.

ते साडेआठला आले. आकाशी शर्ट, मऊ आवाज. "वृषाली जी, ये क्या है? आप तो समझदार हैं."

मी उठून उभी राहिले नाही. सई मांडीवर होती हे एक कारण, आणि बाकीच्या सगळ्या बसलेल्या होत्या हे दुसरं.

मी म्हणाले, "सर, काल मी पाहुण्यांना सांगितलं की खोली रोज चालते, आठ ते पाच. सही केली आहे. ते खोटं होतं. आज ते खरं करायला आलेय."

"याला बेशिस्त म्हणतात. आणि तुम्ही मॅनेजमेंट आहात. कुणाच्या बाजूला बसायचं, विचार करा."

"विचार करूनच बसलेय."

ते कमलेशकडे वळले. तिला अहोजाहो करायची त्यांना गरज वाटली नाही. "तू ठेकेदार की है ना? नाम क्या है तेरा?"

कमलेशनं नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव सांगितलं, ठेकेदाराचं सांगितलं, फळीचा नंबर सांगितला. मग म्हणाली, "लिख लो जी. और ये भी लिखना कि ये अंजू है. कल चार घंटे आपके साइकिल स्टैंड में बैठी थी. परिवार की बच्ची है, अंदर बैठाने लायक नहीं थी."

साहेबांनी अंजूकडे पाहिलं. माझी खात्री आहे, ती त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसली. उन्हात त्यांच्या शर्टाच्या पाठीवर ओल पसरत होती. त्यांचा फोन वाजला, त्यांनी कट केला. पुन्हा वाजला. आतून विचारणा होत असणार, रांग का थांबली म्हणून. साडेदहाच्या सुमाराला कल्याण विभागातली मुलगी किल्ली घेऊन आली. तिनं कुलूप उघडलं आणि माझ्याकडे न बघता पुटपुटली, "मॅडम, माझंही लग्न ठरलंय." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या दुपारी आंधी आली. आकाश आधी पिवळं आणि मग विटकरी झालं, खिडक्यांवर धुळीचा मारा सुरू झाला. आत आठ मुलं सशाखाली रांगेत बसून वायरींची रिकामी रिळं एकमेकांकडे गडगडत सोडत होती. अंजू त्यांत होती. तिला कुणी काही सांभाळायला सांगितलं नव्हतं. ती खेळत होती.

पुढचे आठवडे सोपे नव्हते. आया नव्हती, म्हणून बायका पाळीपाळीनं तासभर खोलीत थांबत आणि तेवढा वेळ शेजारच्या दोघी तिच्या फळीवर हात चालवत. सुपरवायझर दुसरीकडे बघे. जेवणाच्या सुट्टीत मी असे. चौथ्या दिवशी कूलर दुरुस्तीला म्हणून उचलून नेला. बायकांनी घरून चादरी आणल्या, भिजवून खिडक्यांना टांगल्या, दर अर्ध्या तासानं त्यांच्यावर पाणी मारलं. मग कागद सुरू झाले: मुलाचा जन्मदाखला, लसींचं कार्ड, डॉक्टरचा शिक्का. ते दिले, तर नवऱ्याचं संमतीपत्र मागितलं. कमलेशचा नवरा तेव्हा ट्रक घेऊन गुवाहाटीच्या रस्त्यावर. त्यानं एका ढाब्यावर वहीच्या पानावर लिहून, त्याचा फोटो पाठवला: 'मेरी घरवाली जो करे, मुझे मंज़ूर है.' मी तो छापून फाइलीत लावला. मला वाटतं, त्या इमारतीतला सर्वात चांगला कागद तोच होता.

मी एक काम केलं. त्या पांढऱ्या केसांच्या बाईंना चार ओळींची मेल लिहिली. तक्रार एका शब्दाची नाही. लिहिलं की खोली आता खरोखर रोज आठ ते पाच उघडी असते, तुम्ही कधीही, न कळवता या, मुलांना आनंद होईल. त्याची प्रत भाटिया साहेबांना. तिसऱ्या दिवशी कूलर दुरुस्त होऊन आला. जुलैत दोन आया नेमल्या गेल्या. जुलैतच सरकारी शाळा उघडली आणि अंजूचं नाव तिसरीत घातलं गेलं. तिच्या वर्गातल्या मुली तिच्यापेक्षा एक वीत बुटक्या होत्या.

पुढच्या पुस्तिकेत अकराव्या पानावर आमची मुलं होती, सशासकट. एका समारंभात त्या पाळणाघराबद्दल भाटिया साहेबांचा सत्कार झाला आणि ते म्हणाले, ही कल्पना त्यांच्या फार मनाजवळची होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. खोली उघडी होती, मला तेवढं पुरे होतं. माझ्या वार्षिक अहवालात मात्र 'सांघिक वृत्तीचा अभाव' असा शेरा आला आणि क्वालिटीमधून उचलून मला भंगार मालाच्या गोदामात बसवलं. मी सोडून जाईन अशी त्यांची अटकळ होती. मी तीन वर्षं त्या गोदामात काम केलं. उन्हाळ्यात तिथे पंख्याचा वारासुद्धा भाजायचा. मग साहेब बदलले, माझीही जागा बदलली. मी अजून त्याच कंपनीत आहे. हट्टानं आहे म्हणा हवं तर.

कमलेशला ती सवलत नव्हती. दिवाळीच्या सुमाराला ठेकेदारानं तिला सांगितलं, काम कमी झालंय. काम कमी झालं नव्हतं. तिच्या जागी दुसऱ्याच आठवड्यात नवी मुलगी उभी होती. ज्या खोलीसाठी ती गेटवर बसली, ती खोली गुड्डीला जेमतेम पाच महिने मिळाली. मी तिच्या घरी गेले. मी माफी मागायला लागले तर तिनं मला थांबवलं. म्हणाली, "मैडम, अंजू का नाम तो स्कूल से नहीं काटा ना किसी ने." आणि चहा टाकला.

लाभ या शब्दाचा मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. कर्मचाऱ्यांचे लाभ. देवळात प्रसाद मिळतो तसा तो शब्द वाटतो: ओंजळ पुढे करायची, मान लववायची, मिळेल ते कपाळाला लावायचं. कंपन्यांना हा शब्द आवडतो, कारण देणारा त्यात आपोआप मोठा होतो. पण मूल बरोबर घेऊन काम करायला येणाऱ्या बाईला चार भिंती आणि एक आया मिळणं, यात कुणी कुणावर कसला उपकार केला? कायद्यातही ते लिहिलेलं आहे. आणि कुटुंबाचं म्हणाल, तर मी कुटुंबात वाढले आहे. तिथे पाहुणे आले म्हणून घरातल्या पोरीला पत्र्याखाली बसवत नाहीत.

कमलेश आता सेक्टरच्या पलीकडे दुसऱ्या एका कारखान्यात आहे. पंखे बनवतात तिथे. आमचं बोलणं होतं अधूनमधून. अंजू दहावीला बसली यंदा. गुड्डी तिच्या आईसारखीच उंच होणार असं दिसतंय. गेल्या आठवड्यात, भर दुपारी, कमलेशचा फोन आला.

"मैडम, सोमवार को खाली हो?"

मी म्हणाले, का गं, काय झालं?

ती म्हणाली, तिच्या कारखान्यातही पुस्तिकेत पाळणाघर आहे, आणि खोलीला कुलूप आहे. तिनं पाच जणी तयार केल्या आहेत. त्यांना भीती वाटतेय, कुणीतरी आधी असं केलेलं माणूस बरोबर असलं तर बरं.

"पण तुझ्या मुली तर मोठ्या झाल्या आता," मी म्हणाले.

"मेरी हो गईं. इनकी तो छोटी हैं."

सोमवारी मी रजा टाकली. सकाळी साडेसातलाच हवा तापली होती. तिथल्या गेटबाहेर झाड नाही, एक कोरडं गटार आहे आणि त्याच्या कडेनं सिमेंटचा कट्टा. पाच बायका मुलांना घेऊन उभ्या होत्या, एकमेकींना खेटून. एकीचं मूल तर तीन महिन्यांचं असेल, ओढणीत गुंडाळलेलं. गार्ड तरुण होता, नव्या गणवेशातला. त्यानं आम्हाला नीट पाहून घेतलं आणि मला विचारलं, "आप यहाँ काम करती हैं?"

मी नाही म्हणाले.

"फिर यहाँ खड़े मत रहिए. साहब लोग दस बजे आते हैं."

पाचही जणींनी कमलेशकडे पाहिलं. तिनं ओढणी कमरेला बांधली, कट्ट्यावरची धूळ हातानं झटकली आणि त्या तीन महिन्यांच्या मुलाच्या आईला आधी जागा करून दिली.

"ठीक है जी," ती गार्डला म्हणाली, "खड़े नहीं रहते. बैठ जाते हैं."

आणि आम्ही सगळ्या बसलो.